लघवीची प्रत्येक जळजळ इन्फेक्शन नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघवीच्या तक्रारींवर आरोग्याच्या पानांत जे छापून येते त्याचा मथितार्थ बहुधा एकच असतो: जळजळ म्हणजे इन्फेक्शन, भरपूर पाणी प्या, अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा. परवा अचानक सुरू झालेल्या जळजळीला हा सल्ला चालून जातो. पण ज्याचे ओटीपोट वर्षभर दुखते आहे, तासातून दोनदा उठावे लागते, रात्रीच्या झोपेचे तुकडे पडतात आणि कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट दर वेळी ‘नो ग्रोथ’, म्हणजे ‘जंतू वाढले नाहीत’, असा येतो, त्याला तेच पाचव्यांदा सांगणे ही टोलवाटोलवी झाली. मूत्राशयाच्या या जुनाट दुखण्याची कारणे काय असतात, ती कशी शोधायची आणि शोध नेमका कुठे चुकतो, ते या पत्रात मांडत आहोत. लांबीबद्दल क्षमा असावी.

घोटाळ्यात भाषेचाही हात आहे. ‘उन्हाळी लागली’ म्हटले की जंतुसंसर्ग, खडा, कमी पाणी, अस्तराची सूज, आखडलेले स्नायू असे सगळे एकाच पोत्यात जाते. डॉक्टरांचे शब्दही फार नेमके नाहीत. ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ हे नाव १८८७ मध्ये अलेक्झांडर स्कीन या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या ग्रंथातून रूढ झाले. आता ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात, पण सिंड्रोम म्हणजे लक्षणांचे गाठोडे. कागदावर हे नाव पडले की निदान झाले असे रुग्णाला वाटते. खरे तर त्यातून एवढेच कळते की दुखणे मूत्राशयाशी जोडलेले आहे, सहा आठवड्यांहून जास्त टिकले आहे (युरोपातली व्याख्या सहा महिने धरते) आणि संसर्ग किंवा दुसरे उघड कारण सापडलेले नाही. ते का दुखते, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

त्यासाठी पहिला प्रश्न फुकटचा आहे, तरी तो क्वचितच विचारला जातो: लघवी धरून ठेवली तर काय होते? ‘कपडे खराब होतील’ असे उत्तर आले तर ते बहुधा अतिक्रियाशील मूत्राशय असते. त्याची औषधे वेगळी, आणि दुखणे हा त्याचा मुख्य भाग नसतो. ‘दुखणे चढत जाते, जाऊन आले की थोडा वेळ उतरते’ असे कोणी सांगितले तर ती मूत्राशयाच्या वेदनेची खूण. दुखणे फक्त धार सुरू असताना आणि गेल्या दोन-चार दिवसांतलेच असेल, तर संसर्ग आधी तपासावा. मूत्राशय भरो की रिकामे होवो, दुखण्यात काडीचा फरक पडत नसेल तर मूत्राशयाच्या बाहेर बघावे. बसले की वाढणारे, उभे राहिले किंवा कमोडच्या कड्यावर बसले की हलके होणारे आणि झोपेतून न उठवणारे दुखणे ओटीपोटाच्या तळाकडे जाणाऱ्या पुडेंडल नसेचे असू शकते. दर महिन्याला पाळीच्या सुमारास ठरल्यासारखे उसळणारे दुखणे एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराची) आठवण करून देते. मात्र मूत्राशयाचे दुखणेही पाळीआधी वाढते, म्हणून एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नये.

दुसरे काम वहीचे. तीन दिवस, रात्र धरून, प्रत्येक वेळी लघवी मापाच्या भांड्यात करायची आणि वेळ, मिलिलिटर, जाण्याआधीचे दुखणे शून्य ते दहामध्ये, आणि काय व किती प्यायलो ते लिहायचे. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर मावते. या दुखण्यात दर खेपेला ६०, ८०, १२० असे आकडे दिसतात, आणि रात्रीही तेच. कोणी दिवसात बारा वेळा जातो पण दर वेळी ३५० होते, तर त्याचे मूत्राशय मोठे आहे आणि लघवीच जास्त तयार होते आहे. त्याची साखर आणि पिण्याचे प्रमाण बघावे. दिवसा दर अर्ध्या तासाला ७० आणि पहाटे एकदम ४०० असेल, तर मूत्राशयाची पिशवी आकसलेली नाही. दिवसभर तिला भरू दिले जात नाही एवढेच. वहीच्या या एका पानातून सोनोग्राफीपेक्षा जास्त कळते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता नमुन्याबद्दल, कारण निम्मा गोंधळ इथे होतो. लघवीची पहिली धार सोडून मधली घ्यायची. स्त्रियांनी योनीचे ओठ दोन बोटांनी बाजूला धरून घ्यायची. कल्चरचा नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधीचा हवा आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवा. नाहीतर चार अंश तापमानाच्या फ्रीजमध्ये ठेवावा. रिपोर्टवर एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या व अस्तराच्या पेशी) भरपूर आणि ‘मिक्स्ड ग्रोथ’ (अनेक जंतूंची मिश्र वाढ) असे आले तर त्वचेवरचे जंतू डबीत पडलेत, नमुना पुन्हा द्यावा. मिलिलिटरमागे एक लाख कॉलनींच्या (जंतूंच्या वसाहतींच्या) खाली आकडा आला म्हणजे संसर्ग नाही, असेही धरून चालू नये. लक्षणे असलेल्या स्त्रीत एक हजार, कधी त्याहून कमी ई. कोलाय (लघवीच्या संसर्गातले नेहमीचे जंतू) सापडले तरी संसर्ग खरा असू शकतो. लघवीत बुडवायच्या पट्टीवरची नायट्राइट तपासणी (जंतूंनी तयार केलेले हे रसायन ती शोधते) तर या रुग्णांत हमखास फसवते. जंतूंना नायट्राइट तयार करायला लघवी मूत्राशयात तीन-चार तास थांबावी लागते, आणि इथे माणूस अर्ध्या तासाने जातो. शिवाय एंटरोकोकससारखे काही जंतू नायट्राइट करतच नाहीत.

मग अँटिबायोटिकने ‘बरे वाटले’ ते कसे, हा प्रश्न येतोच. हे दुखणे मुळात चढ-उताराचे असते. चढलेल्या टोकाला गोळी सुरू केली की पुढचा उतार गोळीच्या नावावर जमा होतो. त्याच चिठ्ठीत लघवीचा आम्ल गुण घटवणारे सिरप असते, किंवा लघवी केशरी करणारी फेनाझोपायरिडिनची गोळी, जी थेट अस्तर बधिर करते. शिवाय पाणी जास्त प्यायल्याने लघवी पातळ होते. या सगळ्यांचे श्रेय एकट्या अँटिबायोटिकला जाते आणि महिन्याने पुढचा, आणखी वरच्या ताकदीचा कोर्स सुरू होतो. त्यातून जंतू निगरगट्ट होतात. योनीत बुरशी माजली की तिचीही जळजळ होते आणि ती परत ‘इन्फेक्शन’ म्हणून मोजली जाते. कल्चर निर्जंतुक असताना एकामागून एक कोर्स देत राहायला काही आधार नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. ‘नो ग्रोथ’ म्हणजे सगळे आलबेल, असे नाही. लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर आणि साधे कल्चर वारंवार कोरे असेल, तर क्षयाचा विचार करायलाच हवा. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. लागोपाठ तीन दिवस पहाटेची पहिली लघवी त्यासाठी वेगळी पाठवावी लागते. इथे एक सापळा आहे: लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूंनाही थोडी दाबतात, रुग्णाला अर्धवट आराम पडतो आणि निदान महिनोन्महिने लांबते. तोवर मूत्राशय आकसून इवलेसे होते. डॉक्टर त्याला अंगुस्तानाची, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोपीची, उपमा देतात.

लघवीतून रक्त, डोळ्यांना दिसणारे किंवा फक्त मायक्रोस्कोपखाली दिसणारे, हे कधीच ‘दुखण्याचा भाग’ म्हणून सोडू नये. विशेषतः चाळिशीपुढे आणि तंबाखू ओढणाऱ्यांत. मूत्राशयाच्या कर्करोगाचा एक प्रकार अस्तरावर सपाट पसरतो. त्याची गाठ नसते, म्हणून सोनोग्राफीत तो दिसत नाही, आणि त्याची लक्षणे हुबेहूब हीच असतात: जळजळ, घाई, वारंवारता. त्यासाठी लघवीतल्या पेशींची तपासणी आणि दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, लागते. मूत्रवाहिनीच्या अगदी तोंडाशी अडकलेला खडाही असेच छळतो. औषधांची चौकशीही नीट करावी. सायक्लोफॉस्फामाइड (कर्करोगावरचे एक औषध), ओटीपोटाला पूर्वी दिलेले रेडिएशन (त्रास कित्येक वर्षांनीही सुरू होतो) आणि नशेसाठी घेतलेले केटामाइन मूत्राशयाचे अस्तर जाळतात. केटामाइनबद्दल तरुण रुग्ण आपण होऊन सांगत नाही. विचारावे लागते, आणि तेही आईवडील खोलीबाहेर असताना. लवकर सोडले तर बरेचसे भरून येते, उशिरा सोडले तर पिशवी कायमची लहान राहते.

हे सगळे बाजूला काढल्यावर जे रुग्ण उरतात त्यांच्याविषयी गेल्या काही दशकांत बरेच कळले आहे. सर्वांना लागू पडेल असे एक कारण सापडलेले नाही. निरनिराळ्या बिघाडांचे लोक एका नावाखाली गोळा झाले आहेत, हे मानले की उपचारांतला विसंवाद समजतो. एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला का लागत नाही, याचे कोडे मग फारसे उरत नाही.

सर्वांत ठळक आणि वेगळा काढता येण्याजोगा गट हन्नरच्या व्रणांचा. बॉल्टिमोरच्या गाय हन्नर यांनी १९१५ मध्ये तो वर्णन केला. हे रुग्ण सहसा वयाने मोठे, दुखणे तीव्र, पिशवी लहान. दुर्बिणीतून फिकट गुलाबी अस्तरावर लालभडक चट्टा दिसतो. मध्यभागी पांढुरका वण, त्याच्याकडे चारी बाजूंनी बारीक रक्तवाहिन्या धावत आलेल्या, वर कधी सायीसारखा चिकट थर. पाणी भरून पिशवी ताणली की चट्टा चिरतो आणि रक्त पडद्यासारखे खाली ओघळते. तुकडा तपासला तर खाली दाहाच्या पेशींची दाट गर्दी असते आणि वरचे अस्तर सोललेले. हा खरा दाहाचा आजार आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तरही नेमके आहे: चट्टा विजेने जाळणे किंवा त्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने देणे. आराम अनेकदा काही दिवसांतच पडतो. चट्टे परत येतात, मग परत करावे लागते. पण वर्षानुवर्षे गोळ्या खाण्यापेक्षा हे कितीतरी बरे. पाहणाऱ्याला चट्टा ओळखता येत नसेल तर तो ‘साधी लाली’ म्हणून सुटतो. हे घडते.

याउलट ‘ग्लोमेरुलेशन्स दिसले’ या शब्दांनी घाबरून जाऊ नये. पिशवी ताणून सोडल्यावर उठणारे हे रक्ताचे बारीक ठिपके एकेकाळी निदानाचा पुरावा मानले जात. पण नसबंदीसाठी आलेल्या, मूत्राशयाची काहीही तक्रार नसलेल्या स्त्रियांतही ते तसेच दिसतात, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. केवळ ठिपक्यांवरून आजार ठरवणारा रिपोर्ट आज आम्ही अपुरा मानतो.

दुसरी कहाणी अस्तराची. मूत्राशयाच्या आतल्या पेशी छत्रीसारख्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि त्यांच्यावर साखरेच्या लांब साखळ्यांचा ओलसर, बुळबुळीत लेप असतो. हायलुरोनिक आम्ल, कॉन्ड्रॉइटिन आणि हेपॅरिनच्या जातीचे पदार्थ त्यात येतात. लघवीतले पोटॅशियम आतल्या ऊतींपेक्षा कितीतरी पट जास्त असते. लेप विरला, पेशींमधल्या फटी सैल झाल्या की ते खाली झिरपते आणि नसांची टोके चेतवते. चेतलेल्या नसा मास्ट पेशींना (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींना) जागे करतात, त्या हिस्टॅमिन सोडतात, हिस्टॅमिनने फटी आणखी सैल होतात. असे चक्र बसते. मात्र पुष्कळ रुग्णांत मायक्रोस्कोपखाली अस्तर जवळजवळ धड दिसते, त्यामुळे ‘लेप गेला’ हे स्पष्टीकरण सरसकट लावता येत नाही. पोटॅशियमचे द्रावण आत सोडून जळजळ होते का ते बघण्याची तपासणी याच कल्पनेतून आली. ती अतिशय दुखते आणि तिच्यावाचून काही अडत नाही, म्हणून ती मागे पडली. लेप भरून काढण्यासाठी दिले जाणारे पेंटोसान, १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, गुण द्यायला तीन ते सहा महिने घेते आणि सर्वांना देतेच असे नाही. दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्यात बिघाड दिसल्याचे २०१८ मध्ये नोंदले गेले आणि २०२० मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा आला. सुरू करण्याआधी आणि नंतर ठराविक काळाने डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. ही सूचना चिठ्ठीवर अभावानेच दिसते.

तिसरे कारण मूत्राशयाच्या बाहेरचे, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित: ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले हे स्नायू दुखण्याला प्रतिसाद म्हणून आखडतात आणि मग आखडलेलेच राहतात. धार सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते, झाल्यावरही राहिल्यासारखे वाटते. संभोगानंतर एक-दोन दिवस ठणकते. तपासताना योनीतून किंवा गुदद्वारातून एका बोटाने बाजूच्या भिंतीवर हलका दाब दिला की दोरीसारखी गाठ लागते आणि रुग्ण म्हणतो, ‘हेच, हेच ते लघवीचे दुखणे.’ बोट मूत्राशयावर नसतानाही! ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तरी वर्षानुवर्षे होत नाही. पुरुषांत तर हेच दुखणे ‘प्रोस्टेटची सूज’ म्हणून अँटिबायोटिकवर काढले जाते.

अशा रुग्णाला केगेलचा, म्हणजे हे स्नायू आवळण्याचा, व्यायाम सांगणे म्हणजे आखडलेल्या मुठीला आणखी आवळायला सांगणे. त्याला सैल सोडायला शिकवावे लागते. पाठीवर झोपून गुडघे छातीकडे, श्वास पोटात भरताना तळ खाली सोडायचा, पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. गाठी सोडवण्याचे काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा उपचारांनी ५९ टक्के स्त्रियांना लक्षणीय आराम पडला, सर्वांगाच्या साध्या मसाजने २६ टक्के. गोळ्यांच्या चाचण्यांत असे अंतर सहसा दिसत नाही. कमोडला न टेकता अधांतरी बसून लघवी करणे, धार ढकलून काढणे, बाहेर पडण्याआधी ‘असू दे’ म्हणून जाऊन येणे, या तिन्ही सवयी हे स्नायू बिघडवतात.

चौथे, नसांचे. दुखणे फार दिवस चालले की मज्जारज्जू आणि मेंदू आवाज वाढवून ठेवतात. साधे भरणेही वेदना म्हणून पोचते. मोठे आतडे आणि मूत्राशय यांच्या नसा कण्याच्या खालच्या त्याच पातळ्यांवर येतात, म्हणून बद्धकोष्ठता वाढली की मूत्राशय बोलू लागते. आयबीएस (आतडे वरचेवर बिघडण्याचा त्रास), फायब्रोमायाल्जिया (अंगभर दुखण्याचा आजार), मायग्रेन, योनीमुखाची वेदना या रुग्णांत जास्त आढळतात ते यामुळेच. ‘तुमच्या मनाचे आहे’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येते. ताणाने दुखणे वाढते हे खरे, पण ताणाने दमाही वाढतो आणि दम्याच्या रुग्णाला असे कोणी म्हणत नाही.

आहाराबद्दल दोन टोके दिसतात. एक तर ‘काही पथ्य नाही’, नाहीतर चाळीस पदार्थांची बंदी. त्याऐवजी कॉफी, चहा, मद्य, सोडा, लिंबूवर्गीय फळे, टोमॅटो, तिखट आणि कृत्रिम गोडी एवढेच दोन ते चार आठवडे थांबवावे. मग एकेक परत आणावा, प्रत्येकाला तीन दिवस द्यावे आणि वहीतला आकडा बघावा. बहुतेकांना दोन-तीनच पदार्थ बाधतात, बाकीचे विनाकारण सोडलेले असतात. पाणी फार कमी प्यायले की लघवी गडद होऊन चावते, आणि चार-पाच लिटर प्यायले तर पिशवीला उसंत मिळत नाही.

औषधांचे थोडक्यात. अमिट्रिप्टिलिन हे नसांच्या दुखण्यावरचे औषध रात्री १० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेतात. ५० पर्यंत पोचू शकलेल्यांना जास्त फायदा दिसला, पण गुंगी, कोरडे तोंड आणि बद्धकोष्ठतेमुळे पुष्कळ जण तिथवर जात नाहीत. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर आधी सांगावे. नळीतून मूत्राशयात औषध सोडण्याचे मार्ग आहेत. त्यांतल्या डीएमएसओ या द्रवाने एक-दोन दिवस अंगाला लसणासारखा वास येतो, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरतो. मूत्राशयाच्या भिंतीत टोचायच्या बोटॉक्सची १०० युनिट घेण्याआधी, लघवी तुंबली तर काही आठवडे स्वतः नळी घालण्याची तयारी आहे का, हे विचारले गेले पाहिजे. मूत्राशय काढून टाकणे ही अगदी शेवटची पायरी, आणि ज्यांची पिशवी आकसलेली नाही त्यांचे दुखणे त्यानंतरही राहू शकते.

डॉक्टरांकडे जाताना फाइल अशी न्यावी: तीन दिवसांची वही, सगळे कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे, आणि प्रत्येकासमोर त्या वेळी कोणते अँटिबायोटिक सुरू होते व नमुना त्याच्या आधीचा की नंतरचा, घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, किती दिवस, किती डोस. सिस्टोस्कोपी झाली असेल तर तिचा कागद. त्यावर हन्नरचे व्रण शोधले होते का आणि ते होते की नव्हते, हे दोन्ही लिहिलेले नसेल तर ज्यांनी तपासणी केली त्यांना तेवढे विचारून घ्यावे.

आपले,
मूत्रविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात काम करणारे काही वाचक